पन्नास टक्के उजेड

बदलापूरचं नाव बाहेरच्या लोकांपर्यंत पोचतं ते बहुतेक पाण्यामुळे. 26 जुलै 2005 चा पूर, 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकून पडलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस, उल्हास नदीची धोक्याची पातळी, एवढ्याच बातम्या आमच्या गावाच्या. इथल्या उन्हाची बातमी झालीच तर एक-दोन ओळींची होते. मुंबईत पारा चौतिशी-पस्तिशीत असतो तेव्हा इकडे तो सहज चाळिशी ओलांडतो. समुद्रावरचा वारा इथवर येतो तो उशिरा आणि दमून. एका अंगाला माथेरानचे डोंगर, चंदेरी, तावली, आणि मधल्या सपाटीत आम्ही. दुपारी दोन वाजता आमच्या भागातल्या, म्हणजे शिरगावातल्या कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर चपलेशिवाय पाऊल टाकून पाहावं, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

या उन्हाची आणखी एक खोड आहे, ती फक्त गाडीत बसणाऱ्यांना ठाऊक असते. बदलापूरहून अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणकडे जाणारा रस्ता वायव्येला जातो. सकाळी निघालं की सूर्य उजवीकडून, पाठीमागून येतो. दुपारी परतताना तोंड आग्नेयेला असतं आणि सूर्य पश्चिमेला कललेला, म्हणजे पुन्हा उजवीकडून आणि पाठीमागूनच. ड्रायव्हरच्या मागे बसलेल्या माणसाला जातानाही ऊन आणि येतानाही ऊन. आमच्या गाडीत ती जागा आईची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला प्रखर उजेड सोसेनासा झाला होता. ती काळा चष्मा लावायची, वर पदर ओढून घ्यायची आणि अंबरनाथ येईपर्यंत डोळे मिटून बसायची. डावीकडे बस म्हटलं तर तिथे मावशी असायची, आणि धाकट्या बहिणीला उन्हात बसवायला आईचं मन तयार व्हायचं नाही. काचांना फिल्म लावून घ्यायचं ठरलं ते या दोघींसाठी.

उल्हासनगरच्या दुकानात पहिला प्रश्न आला तो, "ताई, किती काळी पाहिजे?" बहुतेक गिऱ्हाइकं तेवढंच सांगतात, म्हणून दुकानदारही तेवढंच विचारतो. मला मात्र तो प्रश्न तेव्हाही खटकला आणि आज तर जास्तच खटकतो. काळेपणाचा आणि गारव्याचा संबंध आपण समजतो तितका जवळचा नाही. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ अर्धा भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो अवरक्त किरणांचा असतो आणि कातडीला जाणवतो तो बराचसा त्याचाच चटका. साधी रंगवलेली काळी फिल्म उजेड अडवते, थोडी उष्णताही शोषते, पण शोषलेली उष्णता काचेत साठते आणि काच आतल्या बाजूलाही ती ओकत राहते. बाहेरून गाडी भुयारासारखी दिसते आणि आतल्या माणसाच्या पाठीला घाम फुटलेलाच असतो. उलट सिरॅमिक म्हणून मिळणाऱ्या चांगल्या फिल्मा जवळजवळ पारदर्शक असूनही अवरक्त किरण बऱ्यापैकी रोखतात. चांगल्या प्रतीची फिल्म, काळी असो वा फिकी, अतिनील किरणांपैकी 99 टक्क्यांपर्यंत अडवते. म्हणजे विचारायचं ते "उष्णता किती अडवते?" असं. हे विचारल्यावर दुकानदाराने कॅटलॉगचं दुसरं पान उघडलं. ते पान त्याच्याकडे होतं, विचारणारे कमी होते.

इथे कायद्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण फिल्म लावल्यानंतर काय वाढून ठेवलेलं असतं त्यातला मोठा वाटा त्याचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. त्यातला शंभरावा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. लोक या टक्क्यांचा अर्थ लावून फिल्मा लावत राहिले. मग अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी निकाल दिला: हे प्रमाण काच बनतानाच पाळायचं आहे, नंतर वरून काळी फिल्म किंवा दुसरं काहीही चिकटवायला नियमात जागा नाही, मग तिची पारदर्शकता कितीही असो. 4 मे 2012 पासून देशभर बंदी लागू झाली. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरती सवलत ठेवली गेली. काही जणांची गैरसोय होईल हे न्यायालयाने गृहीत धरलं होतं, आणि व्यक्तीच्या हितापेक्षा लोकांचं हित मोठं असं स्पष्ट म्हटलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत ज्या बसमध्ये एका मुलीवर अत्याचार होत राहिले आणि जी तशीच रस्त्यांवर फिरत राहिली, तिच्याही काचा काळ्या होत्या आणि आतून पडदे होते. ते आठवलं की काचेच्या काळेपणाकडे फक्त सोय म्हणून बघता येत नाही.

पुढे नियम बदलला. 1 एप्रिल 2021 पासून त्यात सुरक्षा काचेच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, आणि त्याच्या भारतीय मानकात काचेच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेली काचही बसते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये म्हटलं की 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळणारी, मानकाप्रमाणे बनलेली फिल्म लावणं बेकायदा नाही. पण तो निकाल केरळचा. आपल्याकडे नाक्यावरचा पोलीस काचेचा रंग बघतो, आणि गडद दिसली की गाडी बाजूला घ्यायला सांगतो. मला त्याच्याविषयी तक्रार नाही. भर उन्हात, कुठल्याही काचेआड न बसता तो उभा असतो, आणि प्रत्येक गाडीची काच मोजायचं यंत्र काही त्याच्या खिशात नसतं.

टक्क्यांचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा, कारण तिथे पुष्कळ लोक फसतात. कारखान्यातून आलेली काच शंभर टक्के पारदर्शक नसते. तिच्यात आधीच हिरवट झाक असते. समजा ती 75 टक्के उजेड सोडते आणि तुम्ही तिच्यावर 50 टक्क्यांची फिल्म लावली, तर उरतो 75 चा निम्मा, म्हणजे साडेसदतीस टक्के. खोक्यावर पन्नास लिहिलेलं असतं आणि काच मर्यादेच्या खाली गेलेली असते. त्याच काचेवर 70 ची फिल्म लावली तर साडेबावन्न उरतात, मर्यादेच्या जेमतेम वर. पुढच्या काचेचं तर विचारूच नका. 75 टक्क्यांच्या काचेवर 90 टक्के उजेड सोडणारी, दिसणारसुद्धा नाही अशी फिल्म लावली, तरी उरतात साडेसदुसष्ट, आणि नियम मागतो सत्तर. पुढच्या काचेत दोन काचांच्या मध्ये मुळातच प्लॅस्टिकचा थर असतो आणि तो अतिनील किरण बहुतांशी अडवतो. म्हणून तिच्यावर काही लावायचं नाही हे मी दुकानात शिरण्यापूर्वीच ठरवलं होतं. मागच्या काचेवरही नाही. बाजूच्या चार काचांना 70 ची सिरॅमिक फिल्म, एवढंच.

या धंद्यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे, हे मला कॅटलॉग चाळताना पुन्हा आठवलं आणि आनंद झाला. गरवारे हे नाव आपण दोऱ्या-जाळ्यांमुळे आणि पुण्यातल्या कॉलेजमुळे ओळखतो. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला गाडीच्या काचांच्या आणि इमारतींच्या काचांच्या फिल्मा बनतात आणि तिथून परदेशात जातात, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. या उद्योगाचे संस्थापक आबासाहेब गरवारे हे 1903 साली तासगावात जन्मलेले, आणि त्यांची सुरुवातच झाली होती जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीतून. त्या धंद्यासाठी ते इंग्लंडपर्यंत गेले. तासगावच्या माणसाने मोटारींपासून सुरुवात करावी आणि त्याच्या नावाच्या कंपनीने पुढे मोटारींच्याच काचा उन्हापासून सांभाळाव्यात, हे मला फार आवडलं.

फिल्म बसवतात ते बघण्यासारखं असतं. मी दुकानाबाहेरच्या खुर्चीवर न बसता गाडीजवळ उभी राहिले. कारागीर वयाने लहान होता. त्याने आधी काच पाण्याने आणि पात्याने खरवडून स्वच्छ केली, कडेच्या रबरात अडकलेली धूळ काढली. मग काचेच्या बाहेरच्या बाजूवर फिल्म अंथरून, गरम हवेचं यंत्र फिरवत तिला काचेची गोलाई दिली. गाडीची काच सपाट वाटते, ती सपाट नसते. सपाट कागदाला गोलाई द्यायची तर कुठेतरी चुण्या पडणारच, आणि त्या चुण्या उष्णतेने आवळून नाहीशा करणं हीच यातली खरी कारागिरी. नंतर मागचा कागद सोलून, साबणाचं पाणी मारून, फिल्म आतल्या बाजूने बसवली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी रेटत नेलं. तासाभरात तो एकदाही घाईत दिसला नाही. पंख्याची हवा येत होती, पण धूळ उडू नये म्हणून त्याने पंखा बंद करवला आणि शर्ट भिजेपर्यंत काम केलं. दुसऱ्याच्या गाडीत सावली आणणारा तो मुलगा स्वतः उन्हाच्या झळीत होता. निघताना त्याने खिडक्यांच्या बटणांवर चिकटपट्टी लावली आणि आईला सांगितलं, "आजी, चार दिवस काच खाली नाही घ्यायची. कुणी हात हलवला तरी नाही."

आता त्यानंतरचं, जे कुणी आधी सांगत नाही. घरी आल्यावर काच बघितली तर दुधी दिसते. कुठे पाण्याचे बारीक फुगे, कुठे ओघळ अडकल्यासारखे. माणूस घाबरतो, पैसे पाण्यात गेले म्हणतो, आणि बोटाने फुगे दाबायला जातो. दाबू नये. फिल्म आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा जो पातळ थर उरतो तो फिल्ममधून सावकाश सुकत जातो, आणि तेव्हाच खळ काचेला घट्ट धरते. एप्रिलच्या उन्हात हे काही दिवसांत आटोपतं. पावसाळ्यात, जेव्हा आमच्याकडे कपाटातल्या साड्यांनाही वास येतो, तेव्हा यालाच तीन-चार आठवडे लागू शकतात. म्हणून हे काम जूनच्या आधी उरकावं, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबावं. पाण्याचे फुगे जातात. धुळीचा कण अडकून आलेला टोकदार उंचवटा मात्र जात नाही. एखाद-दुसरा असला तर सोडून द्यावा, उघड्या रस्त्यालगतच्या दुकानात तेवढा येणारच. पण सुकायचा हा काळ उलटल्यावरही मोठे बुडबुडे तसेच असतील किंवा कड सुटत असेल, तर दुकानात परत जाऊन काच पुन्हा करून मागावी. काचेच्या वरच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ दिसते, तिची काळजी करू नये. फिल्म मुद्दामच तेवढी आखूड कापतात, म्हणजे काच वर-खाली होताना रबरात अडकून ती सोलत नाही.

पुसण्याचीही पद्धत बदलावी लागते. रद्दी पेपरने काच घासायची आपली घराघरातली सवय इथे चालत नाही, फिल्मवर बारीक चरे उठतात. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव तर लांबच ठेवावेत. पहिला महिनाभर काही लावूच नये, नंतर साध्या सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं. स्वस्तातली रंगीत फिल्म असली तर तिचं पुढे काय होतं ते माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. नव्वदच्या दशकातल्या मारुती आठशेच्या काचा तीन-चार उन्हाळ्यांनंतर जांभळ्या होत असत. रंग उडून गेलेला, जागोजागी फोड आलेले, आणि आतून सगळं जग वांग्याच्या रंगाचं. धातूचा थर असलेल्या फिल्मचा त्रास निराळा, तिच्यामुळे मोबाइलला आणि जीपीएसला संकेत नीट मिळत नाहीत. सिरॅमिकमध्ये ही भानगड नाही.

आणि गारवा? तो येतो, पण जाहिरातीतल्यासारखा येत नाही. उन्हात उभी केलेली गाडी तापतेच. पुढची मोठी काच उघडी आहे, छप्पर पत्र्याचं आहे, ती कशी तापणार नाही? फरक कळतो तो गाडी चालू झाल्यावर. एसी लवकर पकड घेतो, आणि खिडकीकडच्या दंडावर जो चटका बसायचा तो बसत नाही. आईने पदर खाली घेतला. वाटेत कानसई आल्यावर ती म्हणाली, "अगं, इथे एवढं बांधकाम कधी झालं?" कित्येक महिने त्या रस्त्याने ती डोळे मिटून ये-जा करत होती. फिल्मचा फायदा मोजायचा तर मी एसीच्या खर्चापेक्षा त्या प्रश्नात मोजेन.

रात्रीचा अनुभव वेगळा. एवढ्या फिक्या फिल्मनेही पहिले काही दिवस आरशात बघताना नजर थोडी अडखळते. आमच्या शिरगावात मुख्य रस्ता सोडून आत वळलं की काही गल्ल्यांत दिवा असतो, काहींत नसतो. पाऊस असला, समोरून हेडलाइट आला, की बाजूने सायकलवर जाणारा मुलगा दिसणं-न दिसणं यातलं अंतर फार थोडं उरतं. वळताना मी काच खाली घेते आणि मान बाहेर काढून बघते. त्या वेळी मनात येतं, की दुकानातल्या गिऱ्हाइकांपैकी जे सर्वांत गडद फिल्म मागतात ते या गल्ल्यांतून गाडी मागे घेताना नक्की काय बघत असतील?

पण माझ्या मनात जास्त घर करून बसलं ते दुसरंच. काचेतून आपण बाहेर बघतो एवढंच आपल्याला माहीत असतं. बाहेरचा माणूसही काचेतून आत बघत असतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बघणं जिवावरचं असतं. आमच्याकडच्या कात्रपच्या चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. सिग्नलचा भरवसा नाही, झेब्रा क्रॉसिंगवर रिक्षा उभ्या. भाजीची पिशवी घेतलेल्या आजी रस्ता कशाच्या आधाराने ओलांडतात? येणाऱ्या गाडीच्या चाकांकडे त्या बघत नाहीत, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतात. त्याने आपल्याला पाहिलं का, तो मान हलवतो का, हाताने 'या' म्हणतो का. नजरानजर झाली की पाऊल टाकतात. आपल्या गावांतली निम्मी वाहतूक अशा नजरेवर चालते. पुढची काच काळी केली, ड्रायव्हरशेजारची काच काळी केली, की त्या आजींना समोर फक्त एक येणारी वस्तू दिसते. तिच्यात माणूस आहे की नाही, असला तर त्याचं लक्ष आहे की तो फोनवर आहे, काही कळायला मार्ग नाही. सत्तर टक्के आणि पन्नास टक्के या आकड्यांमागे गुन्हेगारीची भीती आहे हे खरं. मला त्यांच्यामागे या आजी दिसतात. रस्त्यावर गाडी घेऊन उतरणाऱ्याने आपला चेहरा पायी चालणाऱ्याला दाखवला पाहिजे, एवढी साधी अपेक्षा त्या आकड्यांत आहे, आणि ती मला पूर्ण मान्य आहे.

स्टेशनवरून शिरगावकडे येणाऱ्या शेअर रिक्षांना तर काचच नसते. पाऊस आला की रेक्झिनचा पडदा, ऊन असलं की ऊन. तीन अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसतात, बाहेरच्यांना ती दिसतात, त्यांना बाहेरचे दिसतात. रिक्षातली बाई रस्त्यावरच्या बाईला ओळख देते, "काय, आज लवकर?" असं विचारून पुढे जाते. मी गाडी घेतल्यापासून माझ्या वाट्याची अशी विचारपूस निम्म्याने कमी झाली. काचांवर जाड काळा पडदा चढवला असता तर ती पार संपली असती. आईला ऊन नको होतं, माणसं हवी होती. तिला आजही खिडकीतून कुणी ओळखीचं दिसलं की ती हात हलवते, आणि बाहेरच्याला तिचा हात दिसतो. ही फिल्म मला बरोबर वाटते ती त्यासाठी.

तुम्ही लावणार असाल तर एवढं करा. पुढच्या आणि मागच्या काचेला हात लावू देऊ नका. बाजूच्या काचांना 70 पेक्षा कमी आकड्याची फिल्म घेऊ नका, फिल्मवरचा मानकाचा आणि टक्क्यांचा शिक्का दिसेल असा ठेवा, बिल आणि वॉरंटीचं कार्ड गाडीच्या कागदांत जपा. पोलिसाने थांबवलं तर हुज्जत न घालता काच खाली करून कागद दाखवा. तेवढ्यानेही चलन टळेलच याची हमी नाही, हे आधीच मनाशी धरून चला. चलन नकोच असेल तर फिल्म लावू नका. डोळ्यांचा किंवा त्वचेचा त्रास असलेलं माणूस सावलीच्या बाजूला बसवा आणि सकाळी नऊच्या आत निघा. आणि फिल्म लावलीच, तर रात्री गल्लीतून गाडी मागे घेताना काच खाली घ्या. आमच्या शिरगावात त्या वेळी मुलं रस्त्यावर खेळत असतात.